रत्नागिरी ते नेरूळ कॉन्सर्ट बस: पॅकेजची खरी परीक्षा रात्री दहानंतर

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मोठा कार्यक्रम जाहीर झाला की रत्नागिरीपासून महाडपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर बसची पोस्टरं फिरायला लागतात. एसी पुशबॅक, नाश्ता, पाण्याची बाटली, त्याच रात्री परत. २०१७ मध्ये जस्टिन बीबर, डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू आणि जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कोल्डप्ले, असे कार्यक्रम या मैदानाने पाहिले आहेत. कोकणातल्या मुलामुलींनी आता ते फक्त मोबाइलवर बघायचं कारण उरलेलं नाही. हे परीक्षण अशाच एका पॅकेजचं. चालवणाऱ्याचं नाव देत नाही, कारण त्याने फारसं काही कळत नाही. गाडी, ड्रायव्हर आणि बसबरोबरचा माणूस दर फेरीला बदलतो आणि सगळं अवलंबून असतं ते या तिघांवर.

निकाल आधी सांगतो. पॅकेज घेण्यासारखं आहे, पण परतीसाठी. जाताना कुठलीही धड बस नेरूळला पोचवेल. पैसे मोजायचे ते रात्री दहाला पन्नासेक हजार माणसं एकदम रस्त्यावर आल्यावर आपली बस कुठे उभी आहे, ती आपल्यासाठी किती वेळ थांबणार आहे आणि तिच्या स्टिअरिंगवर झोप झालेला माणूस आहे का, या तीन गोष्टींसाठी. पोस्टरवर नेमकं यातलं काहीच छापलेलं नसतं.

नेरूळ हे ठिकाण कोकणच्या माणसाला सोयीचं पडतं. स्टेडियम सायन-पनवेल महामार्गाला लागून आहे. आपला ६६ नंबरचा मुंबई-गोवा महामार्ग पनवेलजवळच्या पळस्पे फाट्याला संपला की कळंबोली, खारघर, बेलापूर आणि मग नेरूळ. वाशीची खाडी ओलांडावी लागत नाही, मुंबईच्या आतल्या वाहतुकीशी गाठ पडत नाही. हेच पॅकेज वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानासाठी किंवा वरळीच्या डोमसाठी विकलं जात असेल, तर जाताना आणि येताना प्रत्येकी दीड तास जास्त धरा. अटल सेतूने गेल्यास वेळ थोडा वाचतो, पण त्याचा टोल दरात धरला आहे का हे आधी विचारून घ्या. नंतर बसमध्ये वर्गणी काढायची वेळ येते, तेव्हा सगळ्यांचीच तोंडं उतरतात.

रत्नागिरी ते नेरूळ अंतर साधारण ३१० किलोमीटर. महामार्गाचं काम जिथे पूर्ण झालं आहे तिथे बस सुसाट जाते. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटातला अर्धा तास तरी वाचतो, आणि गाडी लागणाऱ्यांचा जीव वाचतो तो वेगळाच. पण बसचा सरासरी वेग तासाला ४० किलोमीटरच्या वर धरू नका. सरळ आठ तास, दोन थांब्यांचा एक तास, म्हणजे नऊ. कार्यक्रम सातच्या सुमारास आणि गेट दुपारी तीन-चारला उघडत असेल, तर रत्नागिरीच्या मारुती मंदिरहून बस सकाळी सहाला सुटायला हवी. या पॅकेजात वेळ सातची दिली होती. शनिवारी ती कशीबशी चालते. रविवारी अजिबात चालत नाही.

कारण माणगाव. शुक्रवारी रात्री आणि शनिवारी सकाळी मुंबईची गर्दी कोकणाकडे उतरत असते, म्हणजे आपल्या उलट दिशेने. तेव्हा मुंबईकडे जाणारी बाजू मोकळी मिळते. रविवारी दुपारनंतर तीच सगळी माणसं परत निघतात, दिवेआगर-श्रीवर्धनच्या गाड्या माणगावातच येऊन मिळतात आणि मुंबईच्या दिशेची रांग बाजारपेठेत अडकते. तिथे तास-दीड तास जाणं नेहमीचं आहे. रविवारचा कार्यक्रम असेल तर बस सकाळी साडेदहा-अकराच्या आत माणगाव पार झालेली हवी, म्हणजे रत्नागिरी पाचच्या आधी सुटली पाहिजे. आयोजक "बघू, जमेल" म्हणाला तर त्याला माणगावची वेळ विचारा. रस्ता माहीत असलेला माणूस लगेच आकडा सांगतो. जोडून सुट्टी आली असेल तर आणखी तासभर आधी निघा.

गाडीबद्दल. पोस्टरवर फोटो एका बसचा आणि दारात उभी दुसरीच, हे इतकं सर्रास होतं की बुकिंग करतानाच तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: सीट किती, मांडणी दोन-दोनची की दोन-तीनची आणि गाडीचा नंबर. नंबर मिळाला की एम-परिवहन अ‍ॅपवर फिटनेस, विमा आणि पीयूसी चालू आहे का ते दोन मिनिटांत दिसतं. या फेरीला ४५ सीटची दोन-दोनची बस आली. गाडी नवी नव्हती, पण टायर चांगले होते आणि काच फोडायची हातोडी प्रत्येक ठरलेल्या जागी लटकलेली होती. हे मुद्दाम बघितलं पाहिजे. बऱ्याच गाड्यांत तिथे नुसता रिकामा हुक असतो. चार्जिंगची सोय मात्र कागदावरच राहिली. पॉइंट प्रत्येक सीटजवळ होते, चालू होते ते फक्त पुढच्या दोन-तीन रांगांत. तिकीट फोनमध्ये, परतीचा निरोप फोनवर, आणि पॉवर बँक गेटवर अडवली जाऊ शकते. म्हणून फोन सकाळी घरून पूर्ण भरून आणा आणि जाताना व्हिडिओ बघत बॅटरी घालवू नका.

सीट निवडायची सोय असेल तर दोन्ही चाकांच्या मधल्या रांगा घ्या, साधारण चौथी ते सातवी. मागच्या चाकाच्या वरच्या आणि त्यामागच्या सीटवर प्रत्येक खड्डा दुप्पट लागतो, आणि शेवटची रांग पाठीला भिंत असल्यामुळे मागे झुकत नाही. रात्री परतताना याचा त्रास जास्त होतो. स्लीपर बसचं पॅकेज मिळालं तर परतीला सुख आहे, पण दिवसाचे नऊ तास बर्थवर मान वाकवून बसावं लागतं. चिपळूणच्या पुढून चढणाऱ्यांनी सीटवालीच घ्यावी.

सामान हा साधा वाटणारा आणि हमखास अडणारा मुद्दा. मोठ्या कार्यक्रमांना गेटवर पाण्याची बाटली, बाहेरचं खाणं, छत्री, मोठी बॅग आत सोडत नाहीत. त्यामुळे रात्रीचा स्वेटर, चप्पल, खाऊ, औषधं असं सगळं बसमध्येच ठेवावं लागतं. याचा अर्थ बस दिवसभर एका जागी, कुलूप लावून, कुणाच्या तरी नजरेखाली उभी राहिली पाहिजे. काही आयोजक प्रवाशांना उतरवून मधल्या पाच-सहा तासांत गाडी दुसऱ्या भाड्याला लावतात. असं झालं की सामान एकतर गळ्यात, नाहीतर परक्या प्रवाशांच्या पायाखाली. या फेरीला बस जागेवर होती आणि डिकीची चावी बसबरोबरच्या माणसाकडे होती. सीटखाली ठेवलेल्या पिशव्याही जशाच्या तशा मिळाल्या. पैसे किंवा दागिना मात्र बसमध्ये ठेवू नका. रोज घ्यायची गोळी असेल तर तिचा एक डोस चिठ्ठीसह खिशात हवा, कारण बसपर्यंत मध्येच परत येणं जमत नाही.

आता परतीकडे येऊ.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर बंदी आहे. खास परवानगीचे मोजके दिवस सोडले तर मोकळ्या मैदानातला कार्यक्रम दहाच्या आसपास आटोपतो. आपल्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, कारण पुढची वेळ आधीच मांडता येते. शेवटचं गाणं संपल्यापासून स्टँडमधून गेटच्या बाहेर यायला अर्धा तास, वरच्या मजल्यावर असाल तर पाऊण. तिथून बसपर्यंत चालत वीस ते तीस मिनिटं. इतकं चालायचं का, तर अशा दिवशी वाहतूक पोलीस स्टेडियमच्या आसपासचे रस्ते मोठ्या वाहनांना बंद करतात. महामार्गाच्या कडेला बस थांबूच देत नाहीत. जो आयोजक "गेटवर सोडू, गेटवरून घेऊ" म्हणतो त्याला एकतर माहिती नाही किंवा तो खरं सांगत नाही. या पॅकेजवाल्याने आधीच स्पष्ट सांगितलं होतं की दीड किलोमीटर चालावं लागेल. आम्ही त्याला सगळ्यात जास्त गुण यासाठीच देतो.

बस कोणत्या दिशेला तोंड करून उभी आहे हेही विचारा. तोंड वाशीकडे असेल तर पनवेलकडे वळण्यासाठी आधी पूल गाठावा लागतो, आणि त्या रात्री त्या एका वळणाला अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो. पनवेलच्या बाजूला उभी असलेली बस माणसं मोजून झाली की पाच मिनिटांत महामार्गाला लागते.

गर्दीत फोन लागत नाही, हे गृहीत धरूनच सगळं ठरवायचं. एका टॉवरवर हजारो माणसं एकाच वेळी व्हिडिओ पाठवत असतात. मेसेज गेला असं दिसतं आणि पोचतो वीस मिनिटांनी. म्हणून भेटायची जागा दुपारी उतरतानाच पायाने चालून बघायची, आणि त्या जागेचा व बसच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेवायचा. रात्री ओळीने पांढऱ्या बसेस उभ्या असतात, पण एमएच-०८ ची पाटी फार थोड्या गाड्यांवर असते. तिने रत्नागिरीची माणसं झटकन गोळा होतात. या फेरीत बसबरोबरच्या मुलाने एक साधी युक्ती केली होती. आठ-नऊ फुटी बांबूच्या टोकाला भगवा आकाशकंदील बांधला होता, आत बॅटरीचा दिवा. कडेच्या दिव्याच्या खांबाला टेकून तो बांबू धरून उभा राहिला. गर्दीच्या डोक्यांवर तो कंदील दोनशे पावलांवरून दिसत होता. दिवाळीतला कंदील ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. गेल्या काही वर्षांत या धंद्यात बघितलेली ही सगळ्यात उपयोगी वस्तू, आणि तिचा खर्च जेमतेम एका जेवणाइतका.

माणसं मोजायची पद्धतही बघण्यासारखी होती. "सगळे आले का?" असं ओरडून तो मोकळा झाला नाही. यादी हातात घेऊन तो मागच्या रांगेपासून पुढे आला, प्रत्येक सीटजवळ थांबून नाव घेतलं, चेहरा पाहिला, टिक केली. "माझ्या शेजारचा आलाय, खाली आहे" हे उत्तर त्याने मान्य केलं नाही. तो वर आल्यावरच टिक. चार मिनिटं गेली, पण अशा फेऱ्यांत एखादं पोरगं नेरूळला राहिल्याचं पेणला गेल्यावर लक्षात येतं ते नेमकं ही चार मिनिटं वाचवल्यामुळे.

किती वेळ थांबणार हे लेखी ठरलेलं हवं. इथे नियम होता की बस साडेअकराला सुटेल, उशीर झालेल्यासाठी आणखी वीस मिनिटं, त्यानंतर त्याने लोकलने पनवेल गाठायचं आणि बस तिथे दहा मिनिटं थांबेल. नियम कडक वाटतो, पण बसमधल्या बाकीच्यांचा विचार करता योग्य आहे. नेरूळहून हार्बरची लोकल सीवूड्स, बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर करत अर्ध्या तासाच्या आत पनवेलला नेते. एक सूचना: ही अट बुकिंगच्या मेसेजमध्ये होती, बसमध्ये मात्र कुणी वाचून दाखवली नाही. उतरण्याआधी ती मोठ्याने सांगायलाच हवी.

ड्रायव्हरबद्दल थोडं सविस्तर, कारण जिवाचा प्रश्न आहे. सकाळी सहा ते दुपारी तीन आणि पुन्हा रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसात अशी दोन्ही पाळ्यांची गाडी एकाच माणसाने चालवली तर चोवीस तासांत साधारण सोळा तास होतात. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याच्या फेरीला फार तर दहा, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा होती. म्हणजे दोन ड्रायव्हर लागतातच, त्यात घासाघीस नको. "क्लीनरलाही गाडी येते" हे उत्तर चालणार नाही. दोघांकडेही प्रवासी वाहनाचा परवाना हवा.

दोन ड्रायव्हर आहेत एवढ्यावरही समाधान मानू नका. रात्रीचा ड्रायव्हर दिवसा कुठे झोपला ते विचारा. जाताना तो केबिनमध्ये गप्पा मारत बसला असेल आणि दुपारी पार्किंगमध्ये बंद बसच्या उकाड्यात पडला असेल, तर कागदावर विश्रांती झाली, डोळ्यांना झाली नाही. या फेरीला रात्रीचा ड्रायव्हर रत्नागिरीहून आलाच नव्हता. तो महाडचा, दुपारनंतर घरून झोप काढून एसटीने पनवेलला आणि तिथून नेरूळला आला. ही व्यवस्था फार आवडली. वाटेतल्या गावचा माणूस घेतला की त्याची झोप घरी होते आणि रस्ताही त्याच्या पायाखालचा असतो. पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. खेडपासून चिपळूणपर्यंतचा टप्पा नेमका याच वेळी येतो. तेव्हा पुढच्या सीटवर कुणीतरी जागं राहून बोलत राहावं आणि ड्रायव्हरला थांबायचं वाटलं तर कुरकुर न करता थांबू द्यावं.

रात्रीचा हिशेब असा. नेरूळ साडेअकरा, पळस्पे सव्वाबारा, वीस मिनिटांच्या थांब्यासह महाड तीन-सव्वातीन, खेडचा भरणे नाका चार, चिपळूणचा बहादूरशेख नाका पावणेपाच, हातखंबा सात, मारुती मंदिर साडेसात. या वेळा कार्यक्रमापुरत्या नाहीत, मधल्या गावांतल्या प्रवाशांसाठी त्या महत्त्वाच्या आहेत. दापोलीची मुलं भरणे नाक्याला पहाटे चारला उतरणार, गुहागरची बहादूरशेख नाक्याला, देवरुखची संगमेश्वरला. त्या वेळी पुढे जायला एसटी नसते. नाक्यावर दुचाकी ठेवण्याची खात्रीची जागा किंवा घरून कुणी न्यायला येणार असेल तरच अधल्यामधल्या थांब्याचं बुकिंग करा. मुली एकट्या असतील तर चिपळूणच्या एसटी स्टँडपर्यंत बस आत आणून सोडायला सांगा. वळसा दहा मिनिटांचा आहे आणि समजूतदार आयोजक नाही म्हणत नाही. इथे न्यायला आलेलं माणूस दिसेपर्यंत बस हलवली नाही, याची नोंद घ्यायला हवी.

खाण्याची बाजू लंगडी. "नाश्ता समाविष्ट" म्हणजे एक वडापाव आणि कागदी कपातला चहा, तोही खेडच्या पुढे साडेनऊला. सकाळी पाचला उठलेल्या माणसाला ते पुरत नाही. घावन नाहीतर चपाती-भाजी बांधून घ्या. दुपारचं जेवण पनवेलच्या अलीकडेच उरका, नेरूळच्या आसपास त्या दिवशी प्रत्येक हॉटेलसमोर रांग असते. रात्रीचा थांबा पेण-वडखळ पट्ट्यात होता. चहा बरा होता, बायकांच्या स्वच्छतागृहाला मात्र आतून कडी नव्हती. पंचेचाळीस जणांची बस घेऊन येणाऱ्याने थांबा आधी जाऊन तपासायला हवा.

दराबद्दल. पूर्ण बसचं भाडं किलोमीटरवर ठरतं आणि वर टोल, पार्किंग, ड्रायव्हरांचा भत्ता. समजा दर किलोमीटरला ६० रुपये मिळाला आणि पिकअपचे फेरे धरून ६५० किलोमीटर झाले, तर ३९,००० रुपये. वरचा खर्च ६,००० धरला तर ४५,०००. बस पूर्ण भरली तर सीटमागे हजार, तीसच भरल्या तर दीड हजार. तुमच्या भागातला दर घालून हा हिशेब स्वतः करा, म्हणजे आयोजकाचा नफा रास्त आहे का ते कळतं. त्याने धावपळ केलेली असते, त्याचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण सीट कमी भरल्या तर काय, हे आधी विचारा. दर वाढणार, छोटी गाडी येणार, की फेरी रद्द होऊन पैसे परत? कार्यक्रमच पुढे ढकलला गेला तर? उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. कार्यक्रमाचं तिकीट मात्र पॅकेजमधून घेऊ नका. ते अधिकृत अ‍ॅपवरून स्वतःच्या नावाने काढा. बसवाल्याकडचं तिकीट गेटवर चाललं नाही तर तो त्या वेळी दीड किलोमीटर लांब उभा असतो.

रेल्वेचा पर्याय प्रामाणिकपणे सांगायला हवा. परतीला कोकणकन्या मध्यरात्रीच्या सुमारास पनवेलला येते, तुतारी तिच्यानंतर साधारण तासाभराने. आरक्षण हातात असेल तर नेरूळहून लोकलने पनवेल गाठून तुतारी पकडणं आरामात जमतं. कोकणकन्येसाठी शेवटची दोन गाणी सोडावी लागू शकतात. आडवं पडून यायला मिळतं, खर्च कमी, ड्रायव्हरची काळजी नाही. अडचण आरक्षणाची. ते ६० दिवस आधी उघडतं आणि शनिवार-रविवारच्या रात्री लवकर भरतं. म्हणून कार्यक्रमाचं तिकीट मिळालं की त्याच दिवशी कॅलेंडरवर ६० दिवस मागे मोजा. चिपळूण, खेड किंवा रत्नागिरी स्टेशनच्या जवळ राहणाऱ्या दोघा-तिघांसाठी रेल्वेच बरी. दहा-बारा जणांचा घोळका असेल, बरोबर पहिल्यांदा जाणारी कॉलेजची मुलं असतील किंवा वेटिंगचं तिकीट हातात असेल, तर बस.

पुढच्या फेरीचं बुकिंग करताना या आयोजकाला दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत: बस सहाला सोड आणि रात्रीचा थांबा बदल. पहिली त्याने लगेच मान्य केली. दुसऱ्यासाठी तो स्वतः वडखळच्या पुढची दोन हॉटेलं बघून येणार आहे, आणि स्वच्छतागृहाच्या दाराचे फोटो ग्रुपवर टाकेपर्यंत आगाऊ रक्कम घेणार नाही असं त्याने लिहून दिलं आहे.